गुरुजींची अभ्यासिका आणि ३० सप्टेंबर

गेल्या वर्षी ३० सप्टेंबरच्या रात्री साडेदहाला मी आणि आमचे सीए साहेब अभ्यासिकेच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसलो होतो. पलीकडच्या खोलीत पोलीस भरतीची मुलं पेपर सोडवत होती. त्यांना कल्पनाही नव्हती की आपण बसलोय ती जागा ज्या संस्थेची आहे, तिच्या १२ए नोंदणीच्या (धर्मादाय संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट देणाऱ्या) नूतनीकरणाचा अर्ज वेळेत करायचा आजचा शेवटचा दिवस आहे. संस्थेच्या घटनेची स्कॅन केलेली प्रत आयकर खात्याचं पोर्टल घेत नव्हतं. फाइल मोठी होती. ती लहान केली तर अक्षरं दिसेनात. अखेर सव्वाअकराला अर्ज गेला. घरी आलो तरी हात थरथरत होते.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. नऊ वर्षं या संस्थेचा खजिनदार आहे, बिनपगारी. संस्था गुरुजींनी १९८७ मध्ये काढली, आठवडी बाजारात पावतीपुस्तक घेऊन फिरून. आज एक अभ्यासिका आहे, दीडशे मुलांना दरवर्षी वह्या-दप्तरं जातात, चार-पाच मुलींची वसतिगृहाची फी भरली जाते. वर्षाचा सगळा व्यवहार पाच लाखांच्या आसपास. पगारी माणूस एकच, तो संध्याकाळी कुलूप लावतो.

अशा संस्थेवर गेल्या पाच-सहा वर्षांत काय काय येऊन पडलं ते लोकांना माहीत नाही, म्हणून लिहितोय.

आधी १२ए नोंदणी एकदा मिळाली की कायमची असे. ८०जी, म्हणजे दात्याला देणगीवर करवजावट देणारी मान्यता, हीही २००९ नंतर कायमचीच धरली जाई. २०२०च्या वित्त कायद्याने ती कायमची नोंदणी संपवली आणि देशातल्या प्रत्येक संस्थेला १ एप्रिल २०२१पासून नव्याने अर्ज करायला लावला. तोही पाच वर्षांपुरता. त्या अर्जाची मुदत किती वेळा वाढली, ते आठवलं तरी पुरे. शेवटची तारीख ३० जून २०२४ ठरली. तीन-तीन वर्षं मुदत वाढवत राहावी लागते याचा अर्थ मला तरी एकच दिसतो, लहान संस्थांपर्यंत बातमीच पोहोचली नव्हती.

आमचे गुरुजी करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. पोर्टलवर मोबाइल नंबर त्यांचा होता. ओटीपी त्यांच्या सिमवर जायचा आणि ते सिम बंद झालेलं. बँकेत सही अध्यक्ष आणि खजिनदार अशी दोघांची. नवे अध्यक्ष सभेत एकमताने निवडले, ठराव झाला, धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याचा) दिला. बँकेचं म्हणणं, परिशिष्ट एकवर, म्हणजे त्या कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, नवं नाव चढल्याचा उतारा आणा. उतारा मिळायला दोन वर्षं लागली. कुठल्या गावचं कार्यालय ते सांगत नाही. तिथले लोक वाईट नव्हते, फायलींचे ढीग मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पण त्या दोन वर्षांत वीजबिल मी आणि दोन विश्वस्तांनी खिशातून भरलं आणि दोन मुलींची फी त्यांच्या वडिलांनी व्याजाने पैसे काढून भरली. ते माझ्या मनातून जात नाही.

आता त्या रात्रीच्या भीतीबद्दल. अभ्यासिका उभी आहे ती जागा एसटी स्टँडच्या मागे तीन गुंठे. एका शेतकऱ्याने गुरुजींच्या शब्दावर ती संस्थेला बक्षीसपत्र करून दिली, तेव्हा तिथे बाभळी होत्या. आता शेजारी मोबाइलची दुकानं आहेत आणि भाव कुठच्या कुठे गेलाय. २०२३च्या वित्त कायद्यात एक तरतूद आली. नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला नाही, तर संस्थेचं रूप बदललं असं समजायचं आणि तिच्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून जे उरेल त्यावर कमाल दराने कर घ्यायचा. म्हणजे ज्या संस्थेच्या खात्यात कधी दोन लाखांवर शिल्लक नसते, तिला तीन गुंठ्यांच्या बाजारभावावर तीस टक्क्यांहून जास्त कर. हा भरायचा कसा? जागा विकूनच. चोरी केली म्हणून नव्हे, अपहार केला म्हणून नव्हे. तारीख चुकली म्हणून.

ही तरतूद मुळात आणली गेली ती करसवलत घेऊन मालमत्ता जमवायची आणि मग संस्था गुंडाळून ती खासगी करायची, अशा लोकांसाठी. ते बरोबरच आहे. पण म्हाताऱ्या खजिनदाराला तारीख कळली नाही आणि कुणी जमीन ढापली, या दोन गोष्टी कायद्याने एका तराजूत तोलू नयेत. ऑक्टोबर २०२४पासून उशीर माफ करण्याचा अधिकार आयकर आयुक्तांना दिला, तेव्हा मला फार हायसं वाटलं. तरी माफी मागायला आधी आपण चुकलोय हे कळावं लागतं.

मी नियमांच्या विरोधात नाही. १०बीडीचंच घ्या. कुणी किती देणगी दिली याचं विवरण दरवर्षी ३१ मेपर्यंत भरायचं, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. सुरुवातीला मी वैतागलो होतो. पण चेकने देणगी घ्यायची, थोडं कमिशन कापून रोख परत द्यायची आणि दात्याने ८०जीची वजावट घ्यायची, हा धंदा वर्षानुवर्षं चालत आलेला. बँकेत असताना असे चेक मी पाहिलेत. त्याला आळा बसला असेल तर माझे चार दिवस गेले तरी चालतील.

पण इथे एक गोष्ट कुणी बोलत नाही. आता नवी करप्रणाली हीच मूळ धरलेली आहे आणि तिच्यात ८०जीची वजावट वैयक्तिक करदात्याला मिळत नाही. आमचे बहुतेक दाते शिक्षक, दुकानदार, नोकरीला लागलेली माजी मुलं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी नवी प्रणाली घेतली. भाजी विकणाऱ्या एक मावशी दर महिन्याला ५०१ रुपये देतात, त्यांचा तर आयकराशी संबंधच नाही. ज्या सवलतीचा दात्याला फायदा नाही, तिच्यासाठी आम्ही दात्यांचे पॅन आणि आधार गोळा करत फिरतो. आधार मागितला की काही लोक घाबरतात. एकाने देणगीच परत मागितली.

कायद्याला लहान-मोठं कळत नाही असंही नाही. लेखापरीक्षणाचे दोन वेगळे नमुने केलेच होते, पाच कोटींवरच्या आणि परदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थांना १०बी, आमच्यासारख्यांना १०बीबी. आणि २०२५च्या वित्त कायद्याने तर खरोखर चांगलं काम केलं. आधीच्या दोन्ही वर्षांत उत्पन्न पाच कोटींच्या आत असेल, तर १२एची नोंदणी आता पाचऐवजी दहा वर्षांसाठी मिळते. ही सुधारणा ज्या कुणी सुचवली त्यांचे मी मनापासून आभार मानतो. पण ८०जी मात्र पाचच वर्षांचं राहिलं. एकच संस्था, तेच हिशेब, तीच घटना. एका कागदाची मुदत दहा वर्षं आणि दुसऱ्याची पाच. म्हणजे २०३१च्या आधी पुन्हा तीच धावपळ, आणि तेव्हा मी पंचाहत्तरीला टेकलेला असेन.

१ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे. जुन्या कायद्यात इकडेतिकडे विखुरलेल्या आमच्यासाठीच्या तरतुदी त्यात एका प्रकरणात आणल्या आहेत, ते वाचायला सोपं झालंय. मग आता हीच वेळ आहे. लहान संस्थेचं ८०जीही दहा वर्षांचं करा. धर्मादाय कार्यालयाला आणि आयकर खात्याला आम्ही तेच आकडे दोन वेगळ्या नमुन्यांत भरून देतो, ते एकदाच घ्या आणि आपसात वाटून घ्या. आणि बदल अर्जावर कुणाची हरकत नसेल, तर ठरावीक दिवसांनी तो मंजूर धरा. आम्हाला ९० दिवसांची मुदत पाळावी लागते, तशी कार्यालयालाही पाळावी लागावी. विश्वस्त म्हणून तरुण मुलं यायला तयार नाहीत, दंडाचं नाव काढलं की हात जोडतात. गुरुजींनंतर अध्यक्ष शोधायला आम्हाला सात घरं फिरावी लागली.

तुमच्या गावातल्या वाचनालयाची, भजनी मंडळाची, तालमीची संस्था नोंदलेली असेल तर एवढं करा. १२एच्या आदेशावर शेवटचं वर्ष कोणतं लिहिलंय ते बघा, ८०जीचं वेगळं बघा, आणि पोर्टलवरचा मोबाइल नंबर हयात माणसाचा आहे का तेही बघा. गेल्या सप्टेंबरची तारीख चुकली असेल तर गप्प बसू नका. १२एसाठी उशीर माफीचा अर्ज करता येतो. कसा करायचा कळत नसेल तर मेसेज करा. रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही दोघं अभ्यासिकेतच असतो. येताना घटनेची मूळ प्रत आणि तीन वर्षांचे ताळेबंद घेऊन या.