समर्थ, अण्णा नाईक आणि माझे तीस रुपये

वाचनालयाने परवा माझ्याकडून तीस रुपये दंड घेतला. रक्कम किरकोळ आहे, मान्य. पण पावतीवर बॉलपेनने ठसठशीत कारण लिहून दिलंय: ‘पाने फाडणे’. आता ही पावती रागाने फाडायचीही सोय राहिली नाही. फाडली तर आरोपच सिद्ध होतो.

पुस्तक नारायण धारपांचं. कुठलं ते सांगणार नाही, कारण नाव घेतलं की कोणीतरी शेवट सांगायला धावतं आणि तशी माणसं मला या आठवड्यात पोटभर भेटली आहेत. घरचे झोपल्यावर पायावर चादर ओढून मी वाचत होतो. (पाय उघडे टाकून धारप वाचायचे नसतात, एवढी अक्कल आमच्या पिढीला आहे.) नायक बंद खोलीच्या दारापाशी आला, कडीला हात घातला, मी पान उलटलं आणि समोर पुठ्ठा! पुठ्ठ्याला डकवलेला तारखांचा कागद, त्यावर जांभळे शिक्के, आणि शिवणीत अडकून राहिलेल्या फाटक्या पानांच्या कडा. त्या रात्री मला झोप लागली नाही ती भुतामुळे नव्हे.

“पुस्तक नेताना तपासून घ्यायचं असतं,” काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले. “पाटी वाचली नाहीत?”

पाटी होती. तिच्यावर एका पतपेढीचं कॅलेंडर टांगलेलं होतं.

“अहो, भयकादंबरीचं शेवटचं पान आधीच तपासून घ्यायचं?”

“मग काय पहिलं तपासणार? पहिलं कोण फाडतं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पावती करता करता त्यांना माझी दयाही आली असावी. “शेवटच हवाय ना? त्या कोपऱ्यातल्या आजोबांना विचारा. त्यांना सगळे धारप पाठ आहेत.”

आजोबा मूळचे वेंगुर्ल्याकडचे. टेबलावरच्या पेपरांपैकी तीन त्यांनी एकावर एक ठेवून त्यावर कोपर टेकलं होतं, म्हणजे इतर कोणी उचलायला नको. “कुठपर्यंत इलात?” त्यांनी विचारलं.

“खोलीच्या दारापर्यंत.”

“मग काय, आता समर्थ येतले.”

समर्थ म्हणजे धारपांच्या अनेक गोष्टींत येऊन भुताखेतांचा बंदोबस्त करणारे सिद्धपुरुष, आणि अप्पा जोशी त्यांचे शिष्य.

“पण आजोबा, या कादंबरीत समर्थ नाहीत. अप्पा जोशीही नाहीत.”

“शेवटची पानां तू वाचलंस?”

“नाही.”

“मग तुका काय म्हायत?”

एवढ्यात दिवाळी अंक परत करायला आलेल्या एक काकू वळल्या. जुने दिवाळी अंक उन्हाळ्यात परत करणाऱ्या बायकांकडे वेळही असतो आणि मतंही. “समर्थ-बिमर्थ तुमच्या पुस्तकात ठीक आहेत हो,” त्या म्हणाल्या, “अण्णा नाईकांपुढे नसता टिकाव लागला.”

इथे ज्यांनी ‘रात्रीस खेळ चाले’ पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला नाईकांचा वाडा. 2016 मध्ये मालिका सुरू झाली ती अण्णांच्या मरणाने. 2019 मध्ये दुसरं पर्व आलं, ते आधीची गोष्ट सांगणारं, म्हणून त्यात अण्णा धडधाकट, आणि त्यांची प्रेयसी शेवंताही. 2021 मध्ये तिसरं आलं, त्यात अण्णा भूत. म्हणजे आधी मरण, मग आयुष्य, मग पिशाच्चयोनी. आजोबांचा नेमका याच क्रमावर राग होता.

“मेलेलो मनीस परत जिवंत करून मगे भूत करतत? ह्येका काय शास्त्र आसा?”

“प्रीक्वेल म्हणतात त्याला,” काकू म्हणाल्या. “आणि तुमचे समर्थ दरवेळी ऐनवेळी येतात, त्याला शास्त्र आहे वाटतं? समर्थ नाईकवाड्यात आले असते तर एका एपिसोडात मालिका संपली असती. मग रात्री साडेदहाला आम्ही काय बघायचं, बातम्या?”

“म्हणजे तूच कबूल केलंस! एका एपिसोडात संपली असती!” आजोबांनी टेबलावर थाप मारली. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा ठोकळा उघडून बसलेल्या मुलाने मान वर केली. मला वाटलं, आता हा शांतता राखा म्हणणार.

“काका, तुमच्या धारपांची ‘लुचाई’ पण स्टीफन किंगवरून आहे,” तो म्हणाला. “सेलम्स लॉट. 1975.”

सन-सनावळीचं तेवढं त्याचं पाठांतर चांगलं होतं. आजोबांचा चेहरा मात्र असा झाला, जणू कोणी त्यांच्या कुलदैवताचं आधार कार्ड मागितलं. “मराठीत लिवल्यान ना? मगे तां मराठी!”

“तसं नाही. त्या भुतांना नियम असतात. घरातल्या माणसाने बोलावल्याशिवाय ती आत येऊ शकत नाहीत.”

“मग त्यांना कोकणात अडचणच नाही,” काकू म्हणाल्या. “स्टेशनापासून पाट्या आहेत, येवा, कोकण आपलाच असा.”

खरं तर मी इथे हसलो. हसू आल्याबद्दल स्वतःचाच राग आला, कारण हातात तीस रुपयांची पावती होती आणि खोलीत काय आहे ते अजून कळलं नव्हतं. मी तसं म्हणालोही. कोणी लक्ष दिलं नाही. आजोबा आता गावच्या मुद्द्यावर आले होते. भूत कसं असावं? देवचारासारखं असावं. रात्री सीमेवरून फेरी मारतो, वाट चुकलेल्याला घरी सोडतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. चकवा फार तर रात्रभर एकाच माळावर फिरवतो, पण सकाळी सोडून देतो. आणि आरवलीचा वेतोबा! त्याला माणसं भल्यामोठ्या चपला वाहतात, तो रात्री फिरतो आणि त्या चपला झिजतात. “झिजतत! मी बघलंय! तुझ्या अण्णाचा काय झिजला?”

“प्रेक्षक,” मुलगा म्हणाला आणि पुन्हा ठोकळ्यात शिरला.

काकू चिडल्या. अण्णांना त्या नावं ठेवू शकत होत्या, हा कोण टिकोजीराव? मालिकेतल्या विसरभोळ्या पांडूचं ‘इसारलंय’ ऐकायला घरची सगळी जेवणं आटोपून बसायची, सासूबाई देवाचं नाव घेत घेत बघायच्या आणि लाइट गेले की एकटीने बाथरूमला जायच्या नाहीत, हे सगळं त्यांनी सांगितलं. याच सासूबाई म्हणे रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचताना भीतीदायक पानांना टाचण्या लावून ठेवत, म्हणजे चुकून उघडायला नकोत. शेवटी आख्ख्या पुस्तकाला टाचण्या लागल्या. निदान त्या फाडत तरी नव्हत्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. भुताच्या गोष्टीला हल्ली घाबरणारा माणूसच उरलेला नाही. सगळे पंच झालेत. हडळ असं करते का, मुंजा पिंपळ सोडून वाड्यात राहील का, खविसाला मालवणी यावं का. पहिल्या पर्वाच्या वेळी तर कोकणातूनच ओरड झाली होती की अंधश्रद्धा पसरवता, आमची बदनामी करता; पुढे तोच वाडा बघायला लोक गाड्या करून जाऊ लागले आणि दारात उभं राहून फोटो काढू लागले. ज्याला साधी, प्रामाणिक, पायावर चादर ओढून घेण्याजोगी भीती हवी आहे त्याने जायचं कुठे? वाचनालयात? तिथे भयकथांचं कपाट जिन्याखाली आहे. वर्षानुवर्षं एकही नवी प्रत नाही. सरकारमान्य ‘ब’ वर्ग अशी पाटी बाहेर आहे, 1967 च्या कायद्याने अनुदान मिळतं, त्यातून स्पर्धा परीक्षांचे ठोकळे येतात आणि धारपांना सेलोटेप मिळते. एकुलत्या एका प्रतीचा शेवट कोणी नराधम पळवून नेतो, आणि दंड कोणाला? जो शेवटी सापडला त्याला. नियमाची गोष्ट काढायची तर आधी याचा नियम काढा ना.

हे मी मोठ्याने बोललो असेन, कारण काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, “आवाज नको. साडेसातला बंद करायचंय.” आणि अभ्यासिकेतला पंखा त्यांनी खरोखरच बंद केला.

आजोबा उठले. जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “खोलयेत ना, तेची बायको होती.”

“कोणाची? नायकाचं लग्नच झालेलं नाही!”

“मगे दुसरा पुस्तक आसतला,” म्हणत ते चप्पल शोधू लागले.

काकूंनी काउंटरवर पडलेली माझी कादंबरी उचलली, मागून पुढून बघितली. “हे मी नेऊ?”

“न्या,” मी म्हणालो. “पण शेवट नाहीये त्याला.”

“चालेल हो. मला मालिकांची सवय आहे.”

गृहस्थांनी तारखेचा शिक्का मारून पुस्तक त्यांच्या हातात दिलं. तपासून घ्या, असं त्यांना एका शब्दानेही म्हणाले नाहीत.