मेडिकल कधी?

फॉर्म भरायला मी काउंटरपाशी गेले आणि परत येते तर शेजारच्या खुर्चीतले काका माझी 'फोर्थ विंग' ही ड्रॅगनांची कादंबरी मांडीवर घेऊन बसलेले. पानातली खूण जमिनीवर.

"बघतो जरा," असं त्यांनी बघता बघताच सांगितलं. "फौजेत होतो. मिलिटरी ट्रेनिंग दिसलं, म्हणून उचललं."

मग चौकशी समिती बसली.

"पहिल्याच दिवशी पोरांना अरुंद कठड्यावरून चालायला लावतात?"

"हो."

"खाली जाळी?"

"नाही."

"पडला तर?"

"मेला."

"मग मेडिकल कधी?"

मी समजावून सांगायला गेले. नायिका व्हायोलेट वीस वर्षांची, तिला लेखनिकांच्या शाखेत जायचंय, पण जनरल असलेली आई तिला जबरदस्तीने ड्रॅगनस्वारांत ढकलते. सांधे इतके नाजूक की चटकन निखळतात.

"अनफिट," काका म्हणाले. "वशिल्याने घेतलेली."

वशिला लावून कोणी पोरीला मरायला पाठवतं का, हे विचारायच्या आत त्यांनी पुढचं पान उलटलं. थुंकी लावून.

"स्वार ड्रॅगन निवडत नाही? ड्रॅगन स्वार निवडतो?"

"आणि माणूस नाही आवडला तर जाळतो."

काका बराच वेळ गप्प. "आमच्याकडे खेचरं होती. लाथा मारायची. पण जाळायची नाहीत."

प्रेमकथेचा भाग मीच उत्साहाने सांगितला. व्हायोलेटचा टेर्न आणि नायक झेडनची स्गेल हे ड्रॅगनांचं जोडपं. ते फार दिवस लांब राहू शकत नाहीत, म्हणून स्वारांचीही सुटका नाही. थोडक्यात, स्थळ ड्रॅगनांनीच जमवलेलं.

"मुलगा तिचा वरिष्ठ?"

"हो."

"कोर्ट मार्शल."

तेवढ्यात नेमकं ते पान उघडलं. काकांनी चार ओळी वाचल्या, चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं. "ताई, असलं वाचता?"

हे मला अजून सलतंय. पोरं कठड्यावरून पडतात, जळतात, एकमेकांना भोसकतात, रोज सकाळी मेलेल्यांची नावं वाचली जातात. तिथे काकांना फक्त मेडिकलची काळजी. दोघं जवळ आली की मात्र माझ्या संस्कारांची झडती! आणि हे काही एकट्या काकांचं नाही. युद्धाच्या जाड कादंबऱ्या घेऊन बसलेल्या पुरुषाला असं कोणी विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही. लेखिका रिबेका यारोस फौजी कुटुंबातली आहे, सांध्यांचा तो आजार तिला स्वतःला आहे, हेही मी सांगितलं. काका म्हणाले, "तरीच." तरीच काय, ते आजतागायत कळलेलं नाही.

त्यांचं नाव पुकारलं. उठता उठता त्यांनी शेवटचं पान काढलं, उभ्याउभ्या वाचलं आणि साऱ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल अशा आवाजात मला शेवट सांगितला.

तो मी तुम्हाला सांगणार नाही. मी काका नाही.

पहिला भाग २०२३च्या मेमध्ये आला आणि दुसरा, 'आयर्न फ्लेम', त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. तो घरात आहे. बाहेर नेण्याआधी त्याची शेवटची पानं स्टेपल केली आहेत. चारही बाजूंनी.