पितृत्वापासून नामानिराळे राहू इच्छिणाऱ्यांस

तिने ती बातमी सांगितली, की आपण आधी घसा खाकरावा आणि मग विचारावे, "माझेच कशावरून?" हा प्रश्न विचारायला विद्वत्ता लागत नाही, खर्च येत नाही आणि विचारणाऱ्याला क्षणभर का होईना, फसवल्या गेलेल्या सज्जनाची कळा येते. काल रात्रीपर्यंत जिच्यावाचून आपल्याला करमत नव्हते, तिच्या चारित्र्याविषयीच्या शंका आज दुपारी एकाएकी सुचाव्यात, यात विसंगती शोधत बसू नये; शंका ही गरजेच्या वेळीच सुचायची असते.

अडचण एवढीच, की हल्ली या प्रश्नाला उत्तर मिळते. पूर्वी तो अनुत्तरित राहत असे आणि हीच त्याची खरी शोभा होती. फ्रान्सच्या 1804 च्या नागरी संहितेने तर, अपहरणाचा अपवाद सोडता, पितृत्वाचा शोध घेण्यासच मनाई केली होती आणि ती मनाई 1912 पर्यंत टिकली. म्हणजे शतकाहून अधिक काळ तिथल्या अविवाहित पित्याला साधी थापही मारावी लागली नाही. त्याच्या वतीने कायदाच कानांवर हात ठेवून बसला होता. आपण त्या काळी आणि त्या देशी जन्मलो नाही, याबद्दल नशिबाला खुशाल बोल लावावा. पुढे 1984 मध्ये ॲलेक जेफ्रीज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत शोधली आणि एका उत्तम प्रश्नाचा कायमचा विचका झाला.

तरीही धीर सोडू नये. नमुना देण्यास साफ नकार द्यावा, शरीर माझे आणि रक्तही माझे असा तात्त्विक पवित्रा घ्यावा. उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड अशा दोन राज्यांचे मुख्यमंत्रिपद भूषवलेले नारायण दत्त तिवारी हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले, आणि अखेर 2012 मध्ये त्यांना रक्त द्यावे लागले व अहवालात ते पिता ठरले. आपल्या गाठीशी तर एकही राज्य नाही. शिवाय न्यायालयाने चाचणीचा आदेश देऊनही आपण गैरहजर राहिलात, तर न्यायालय त्यावरून आपल्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढू शकते. म्हणजे आपण जे बोलायचे टाळले, तेच आपल्या गप्प बसण्यातून ऐकले जाते.

यानंतरचे हुकमी अस्त्र म्हणजे "आमचे लग्न कुठे झाले आहे?" हे वाक्य शक्यतो वडीलधाऱ्यांच्या उपस्थितीत आणि थोडे दुखावलेल्या स्वरात उच्चारावे. ते उच्चारण्यापूर्वी कायदा मात्र वाचू नये, कारण वाचल्यास आवाजातील आत्मविश्वास जातो. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 488 मध्ये, 1973 च्या संहितेच्या कलम 125 मध्ये आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये एकच गोष्ट चिवटपणे सांगितली आहे, की ऐपत असलेल्या माणसाने स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आपले मूल पोसले पाहिजे, मग ते औरस असो वा अनौरस. परकीय सरकार गेले, संहिता बदलली, कलमाचा क्रमांक दोनदा बदलला. तो एक शब्द काही कोणी खोडला नाही. (लग्न न करण्याचे कृत्य आईबापांचे आणि 'अनौरस' हे विशेषण मात्र मुलाला, ही वाटणी कायद्याने कुठल्या हिशोबाने केली, हे विचारण्याची ही जागा नव्हे.)

मग गर्भनिरोधकांकडे वळावे. "ती गोळ्या घेते असे म्हणाली होती" किंवा "मी कंडोम वापरला होता" हे सांगताना आपली फसवणूक निसर्गाने केली की तिने, याचा निर्णय श्रोत्यांवर सोडावा. रोजच्या वापरातील चुका धरल्या, तर केवळ कंडोमवर विसंबणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे 13 जणींना वर्षभरात गर्भधारणा होते, ही माहिती आपल्याला आधी कोणी दिली नाही, अशी तक्रारही करता येईल. ती तक्रार कदाचित खरीही असेल. परंतु वरील कलमात 'नियोजित' आणि 'अनियोजित' असा भेद नाही, आणि चूक तिची होती हे सिद्ध झाल्याने मुलाची भूक त्या प्रमाणात घटल्याचेही कोणाच्या पाहण्यात आलेले नाही.

व्यवहारी मित्र सांगतील, की तिच्याकडून मुद्रांकावर लिहून घ्या, "मी मुलासाठी कधीही काहीही मागणार नाही." सल्ला ऐकायला भारदस्त आहे. आई स्वतःपुरता एखादा हक्क सोडू शकेल. मुलाचा निर्वाहाचा हक्क मुलाचा असतो, तो परस्पर सोडून देणे तिच्या हाती नाही, आणि मुलाची सही घ्यायची आपण विसरलात. उलट त्या कागदावर मुलाचा पिता कोण, याची नोंद आपल्याच सहीनिशी तयार होते. म्हणून कागद करावाच. पुढे तिच्या वकिलाचे श्रम वाचतील.

यावर उरला उपाय दारिद्र्याचा. खावटीचा अर्ज दाखल झाल्याचे कळताच नोकरी सोडावी, गाडी भावाच्या नावे करावी आणि न्यायालयात शक्य तितका जुना सदरा घालून जावे. दुर्दैवाने सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये अशा प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे ठरवून दिल्याने सदऱ्याचे महत्त्व बरेच कमी झाले आहे, आणि धडधाकट माणूस अंगमेहनत करूनही कमावू शकतो, असे त्याच न्यायालयाने 2022 मध्ये पत्नी-मुलांच्या खावटीच्या एका प्रकरणात सुनावले. एके काळी कायद्यानेच महिन्याला 500 रुपयांची कमाल मर्यादा घालून ठेवली होती. ती 2001 मध्ये उठली. तारखा चुकवून, पत्ते बदलून काळ काढावा म्हटले, तर खावटी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते, तेव्हा आपण जितके अधिक दिवस सापडणार नाही, तितकी थकबाकी फुगत जाते. ती न भरल्यास प्रत्येक थकीत महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात बसून हिशेब मिटतो, असे समजणारे आपल्यापूर्वीही होऊन गेले. कैद ही वसुलीसाठी असते, तिने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगून ठेवले आहे.

एवढे सगळे करूनही आपण नामानिराळे राहिलातच, तर एक काळजी मात्र घ्यावी. ज्या कलमाने आपला पिच्छा पुरवला, त्याच कलमात पुढे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या बापाला आपल्या मुलाकडून खावटी मागण्याची सोय आहे. वीस-पंचवीस वर्षांनी गुडघे बोलू लागले, मित्रांनी फोन उचलणे बंद केले आणि ते मूल कुठेतरी बऱ्या पगारावर असल्याचे कानी आले, की आपल्याला ती सोय आठवेल. त्या वेळी समोरून घसा खाकरला जाईल आणि विचारले जाईल, "तुम्हीच माझे वडील कशावरून?" म्हणून आज ज्या डीएनए अहवालाविरुद्ध आपण जिवाचे रान करत आहात, त्याची एक प्रमाणित प्रत जपून ठेवावी.