ला निना आहे म्हणून उत्तरेत ‘शतकातली थंडी’? जरा थांबा

पावसाळा सरत आला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. प्रशांत महासागरात ला निना आहे, त्यामुळे दिल्ली, पंजाब, उत्तर प्रदेशात शंभर वर्षांतली सर्वांत कडाक्याची थंडी पडणार, डिसेंबर ते फेब्रुवारी पारा वर म्हणून येणार नाही, गव्हाचं पीक हातचं जाणार, आणि हे सगळं म्हणे हवामान खात्यानेच सांगितलंय. एकेक मुद्दा घेऊ.

आधी ला निना. विषुववृत्ताजवळ, मध्य आणि पूर्व प्रशांत महासागराचं पाणी सरासरीपेक्षा किमान अर्धा अंश गार झालं आणि काही महिने तसंच राहिलं, की त्या स्थितीला ला निना म्हणतात. अशा हिवाळ्यांत उत्तर भारतातल्या रात्री जरा जास्त गार असण्याकडे कल असतो. एवढं खरं आहे, मेसेजवाल्याने ते हवेतून काढलेलं नाही. पण कल म्हणजे हमी नव्हे. २०२४-२५ च्या हिवाळ्यात क्षीण का होईना, ला निनाची स्थिती होती. तरीही फेब्रुवारी २०२५ हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. त्याच्या आदल्या हिवाळ्यात उलट जोरदार एल निनो होता, म्हणजे तेच पाणी सरासरीपेक्षा गरम होतं. मेसेजच्या हिशेबाने दिल्लीकरांनी तेव्हा स्वेटर कपाटातच ठेवायला हवे होते. प्रत्यक्षात जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीचं सरासरी कमाल तापमान जेमतेम १७.७ अंश राहिलं, तेरा वर्षांतलं सर्वांत कमी.

‘शंभर वर्षांतली’ हे तर कुठलाही हंगामी अंदाज सांगूच शकत नाही. त्यात तीनच खाने असतात: सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतकं, सरासरीपेक्षा जास्त. काहीच ठाऊक नसेल तर प्रत्येकाची शक्यता एक तृतीयांश. समुद्राचं तापमान वगैरे जमेस धरून अंदाज फार तर म्हणतो की अमुक भागात ‘कमी’ची शक्यता पन्नास-पंचावन्न टक्के आहे. विक्रम मोडतो तो एखाद्या रात्री. दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ ला पारा उणे ०.६ अंशांवर गेला होता. अशी रात्र तीन महिने आधी दिसत नाही.

मग थंडी ठरते कशावर? मुख्यतः पश्चिमी विक्षोभ आणि धुक्यावर, आणि मेसेजमध्ये या दोहोंचं नावही नसतं. विक्षोभ म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारी कमी दाबाची प्रणाली. ती जवळ आली की मैदानात ढग येतात आणि रात्रीचं तापमान उलट वाढतं. हिमाचल-काश्मीरात बर्फ पडतो, पंजाब-हरियाणात सरी येतात. विक्षोभ पुढे सरकला की आकाश निरभ्र होतं, वायव्येकडून कोरडं वारं सुटतं (बिहार-पूर्वांचलात त्याला ‘पछुआ’ म्हणतात) आणि राजस्थानातल्या चुरू, हरियाणातल्या हिसारकडचा पारा दणकन खाली येतो. काही दिवसांनी पुढचा विक्षोभ येतो आणि पारा पुन्हा चढतो. त्यामुळे ‘तीन महिने पारा वर येणार नाही’ हे वाक्य तिथल्या हिवाळ्याची रीतच न समजल्याचं लक्षण आहे.

धुक्याची तऱ्हा आणखी निराळी. पावसाने ओल असते, वारा पडलेला असतो. पहाटे धुकं धरतं आणि सूर्य वर आला तरी विरत नाही, जमिनीपासून थोडं उचलून ढगासारखं लटकत राहतं. रात्री आठ अंश, दुपारी बारा-तेरा. किमान तापमानात विशेष काही नसतं, पण दिवसभर हाडं गोठतात. खातं याला थंडीच्या लाटेपासून वेगळं काढून ‘शीत दिवस’ म्हणतं: किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली आणि कमाल तापमान सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी. ३० डिसेंबर २०१९ ला सफदरजंगचं कमाल तापमान ९.४ अंशांच्या वर गेलं नाही. तेव्हा ला निना नव्हती.

राहिलं हवामान खात्याचं नाव. डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज खातं नोव्हेंबरअखेरीस किंवा १ डिसेंबरच्या आसपास देतं आणि पुढे दर महिन्याला नवा अंदाज येतो. सप्टेंबरात फिरणारा मेसेज त्यावरून कसा काय निघाला?

गव्हाबद्दल तर उलटच आहे. गव्हाला थंडी मानवते. पंजाब-हरियाणाचा शेतकरी धास्तावतो तो दाणे भरताना येणाऱ्या उन्हाळ्याला. मार्च २०२२ मधल्या उष्णतेने उत्पादनाला फटका बसला आणि त्या मे महिन्यात केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. गोठलेल्या दवाची (उत्तरेत त्याला ‘पाला’ म्हणतात) भीती बटाटा-मोहरीला असते.

आपल्याकडे हा मेसेज जास्त वाचला जातो तो नाशिक पट्ट्यात, कारण पारा फार उतरला की तयार द्राक्षमण्यांना तडे जातात. पण उत्तरेची थंडी निफाडपर्यंत पोहोचायला वारं उत्तरेकडून लागतं. ते पूर्वेकडून फिरलं, बंगालच्या उपसागरावरची ओल घेऊन आलं, की दिल्ली गारठलेली असतानाही इथली रात्र ढगाळ आणि उबदार जाते. बागेत शेकोट्या पेटवायच्या का, हे पुढच्या चार-पाच दिवसांच्या वाऱ्याच्या अंदाजावरूनच ठरवावं लागतं.