टॅबलेटवर बोलणाऱ्या मुलांचं शिबिर कोकणात व्हायलाच हवं

एप्रिल संपत आला की आमच्या वेंगुर्ल्यापासून वर रत्नागिरीपर्यंत नाक्यानाक्यावर उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. पोहणं, चित्रकला, संस्कार, वक्तृत्व, किल्ल्यांवरची भटकंती. चांगलंच आहे, मुलांनी घराबाहेर पडावंच. पण याच पट्ट्यात अशीही मुलं आहेत ज्यांचं बोलणं टॅबलेटमधून ऐकू येतं. कुणाला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही), कुणाला ऑटिझम. सांगायचं पुष्कळ असतं, पण तोंडातून शब्द फुटत नाहीत. मग ती चित्रांवर किंवा अक्षरांवर बोट ठेवतात आणि यंत्र ते मोठ्यानं बोलतं. त्यांच्यासाठी लागलेला एकही फलक मला आजवर दिसलेला नाही.

माझी भाची अशीच बोलते. 14 वर्षांची आहे, डोंबिवलीला राहते, मे महिन्यात आमच्याकडे येते. गेल्या वर्षी ताईच्या ओळखीतली अशी आणखी काही मुलं आपापल्या आईवडिलांबरोबर आमच्या घरी राहायला आली. शिबिर वगैरे आम्ही म्हटलं नव्हतं. पण जे पाहिलं, त्यानंतर मी गप्प बसू शकत नाही.

दुपारची वेळ होती, मुलं पडवीत बसलेली. देवगडच्या मुलानं टॅबलेटवर एकेक चित्र दाबत वाक्य जुळवलं, "आमचा आंबा छान. तुमचा आंबट." भाची पडद्यावर वाकली. तिचा हात थरथरतो, बोट नेमकं पडत नाही, दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं, ते तिनं पुसलं. पाऊण-एक मिनिट तरी गेलं असेल. तिच्या मनात काय आहे ते ताईच्या लक्षात आलं होतं आणि ती बोलणारच होती, तेवढ्यात मुलाच्या आईनं तिच्या दंडाला हात लावून तिला थांबवलं. तो मुलगा मात्र जागचा हलला नाही, तिच्या बोटाकडे बघत राहिला. शेवटी यंत्र बोललं, "तू आंबट." सगळी पोरं खदाखदा हसली.

हे घरी होत नाही, शाळेत होत नाही. घरी आपण प्रेमापोटी तिचं वाक्य पुरं करून टाकतो. शाळेत मास्तरांना वेळ नसतो. समोरचं माणूस उत्तरासाठी शांतपणे थांबलंय, कारण त्यालाही बोलायला तेवढाच वेळ लागतो, हा अनुभव या मुलांना फक्त एकमेकांत मिळतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. मराठी बोलणारे यंत्राचे आवाज इतके थोडे आहेत की आमच्याकडे आलेल्या बहुतेक मुलांच्या टॅबलेटमध्ये एकाच बाईचा आवाज होता. पडवीतून "पाणी" ऐकू आलं की स्वयंपाकघरातून आई विचारायची, "कोणाक व्हया गो?" मिसरूड फुटलेल्या मुलालाही तोच आवाज. त्यानंच मागणी केली की त्याच्या मोठ्या चुलतभावानं रोजचे शब्द रेकॉर्ड करून द्यावेत. भावानं ते रात्री बसून केले, आणि हौसेनं "माका नको" आणि "गप रव" हेही घातले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा "गप रव" किती वेळा म्हणाला त्याला गणतीच नाही, आणि त्याचे वडील प्रत्येक वेळी खूश. स्टीफन हॉकिंग यांना पुढे जास्त चांगले आवाज मिळू शकत होते, तरी त्यांनी जुना यांत्रिक आवाजच ठेवला, कारण तो त्यांचा झाला होता. आमच्या पोरांनाही स्वतःचा म्हणावा असा आवाज हवा असतो, आणि ती गरज ती एकमेकांत आल्यावरच बोलून दाखवतात.

"टॅबलेट हातात दिला तर पोर बोलायचा आळस करेल," हे मी नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून आणि काही डॉक्टरांकडूनही ऐकलं आहे. हे खरं नाही. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी 2006 मध्ये बोलण्याच्या अशा पर्यायी साधनांवरच्या आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. भक्कम पुरावा असलेल्या 27 जणांपैकी एकाचंही तोंडचं बोलणं कमी झालं नव्हतं, आणि 89 टक्के जणांचं वाढलं होतं, भले थोडंसं का असेना. म्हणून यंत्र द्यायला उशीर करू नका. आणि दिलेलं यंत्र काढून घेऊ नका! भाचीच्या आधीच्या शाळेत दंगा केला म्हणून तिचा टॅबलेट कपाटात ठेवला होता. बोलणाऱ्या मुलाच्या तोंडाला कुणी अशी पट्टी लावली असती, तर गाव गोळा झालं असतं.

अजून एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर अखंड बोलतो, तेव्हा कुठे ते पहिला शब्द काढतं. टॅबलेटच्या भाषेत या मुलांशी कोण बोलतं? कोणीच नाही. आपण तोंडानं बोलायचं आणि उत्तर मात्र त्यांनी चित्रांतून द्यायचं. थेरपिस्ट सांगतात की आपणही बोलता बोलता त्यांच्या पडद्यावरची चित्रं दाबत जावी. मॉडेलिंग म्हणतात त्याला. शिबिरात हे दिवसभर घडू शकतं, कारण आजूबाजूला सगळे त्याच भाषेत बोलत असतात.

अमेरिकेत अशी शिबिरं फार पूर्वीपासून चालतात. न्यू जर्सीतलं कॅम्प चॅटरबॉक्स हे त्यातलं एक जुनं नाव. आपल्याकडे साधनं नाहीत असंही नाही. आयआयटी मुंबईनं तयार केलेलं जेलो हे ॲप मोफत आहे आणि मराठीत चालतं. चेन्नईत तयार झालेलं आवाज हे ॲप अनेक घरांत वापरात आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं संवादाच्या व्याख्येत या पर्यायी साधनांचा स्पष्ट समावेश केला आहे, आणि सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत भाग घेण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. कमी आहे ती एकत्र येण्याच्या जागेची.

ती जागा कोकणात का? इथे समुद्र आहे, मे महिन्यात शाळा रिकाम्या असतात, आणि मुंबईहून अर्धं कोकण तसंही गावी आलेलं असतं. अडचणी आहेत, त्याही सांगतो. घामेजलेलं बोट पडद्यावर नीट चालत नाही, म्हणून प्रत्येकाजवळ सुती फडका हवा. किनाऱ्यावर उन्हात पडदा दिसत नाही, आणि खारं पाणी नि वाळू टॅबलेटला सोसत नाही. आम्ही रोजच्या वापरातली चित्रं छापून लॅमिनेट केली आणि दोरीनं गळ्यात अडकवली. भाची कमरेएवढ्या पाण्यात ताईच्या आधारानं उभी होती आणि त्या कागदावर "आणखी" पुन्हा पुन्हा ठोकत होती. लाइट जाते, तेव्हा पॉवर बँक हवीच. वाळूत व्हीलचेअर रुतते, त्यासाठी फळ्या अंथराव्या लागतात.

माझं एक ठाम मत आहे. हे थेरपीचं शिबिर नसावं. सकाळी व्यायाम, दुपारी चाचणी, संध्याकाळी प्रगतीपुस्तक, हे वर्षभर चालूच असतं. इथे त्यांनी भांडावं, चिडवावं, रात्री जागून गप्पा माराव्यात, आईवडिलांविरुद्ध तक्रारी कराव्यात. थेरपिस्ट असावेत, पण बाजूला. गावातली कॉलेजची मुलं मदतीला घ्यावीत. एका दिवसात शिकता येतं त्यांना: थांबायचं, वाक्य पुरं करायचं नाही, न विचारता टॅबलेटला हात लावायचा नाही. आणि अशाच पद्धतीनं बोलणारी मोठी माणसं आवर्जून बोलवावीत. मुंबईच्या मालिनी चिब यांनी एका बोटानं टाइप करत लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतलं. आमच्या भाचीनं असं बोलणारं मोठं माणूस प्रत्यक्षात एकदाही पाहिलेलं नाही. मोठेपणी आपण काय होणार, याचं चित्र तिनं कुठून आणायचं?

पुढच्या मे महिन्यासाठी आम्ही काही घरं मिळून तयारीला लागलो आहोत. वेंगुर्ला, मालवण, देवगड या भागात तळमजल्यावर दोन मोठ्या खोल्या, व्हीलचेअर आत जाईल एवढ्या रुंद दाराचा संडास आणि दुपारची सावली असलेली शाळा किंवा घर कुणाच्या माहितीत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. दाराची रुंदी मोजून लिहिलीत तर एक फेरी वाचेल. आणि तुमच्या वाडीत असं मूल असेल तर त्याच्या घरी ही पोस्ट वाचून दाखवा, मुलाच्या समोर.