बेळगावचा ट्रक, म्हापशाची कार आणि आपली पडीक शेतं

गोव्यातल्या साखळी गावच्या कट्ट्यावर काल संध्याकाळी जो वाद झाला तो लिहून ठेवतोय, कारण बोलता बोलता विषय बराच लांब गेला. सुरुवात भाऊने केली. भाऊ बँकेत आहे. म्हणाला, मी आता बेळगावची भाजी बंद केली, दर रविवारी म्हापशाला जाऊन लोकल ऑरगॅनिक आणणार, घाट उतरून डिझेल जाळत आलेली भाजी खायची म्हणजे पर्यावरणाची वाट लावायची.

"म्हापशाला कशातून जाणार रे?" सरांनी विचारलं. सर हायस्कूलमध्ये फिजिक्स शिकवतात.

"कारने. का?"

सरांनी भज्यांचा कागद उलटा केला आणि पेन काढलं. दहा टनांचा ट्रक, लिटरला चार किलोमीटर, बेळगाव ते साखळी शंभर धर, परत रिकामा गेला असंही धर, म्हणजे पन्नास लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे झाले 135 किलो, आणि ते दहा हजार किलो भाजीवर वाटले की किलोमागे साडेतेरा ग्रॅम. आता तुझी कार. जाऊन येऊन पन्नास किलोमीटर, सव्वातीन लिटर पेट्रोल, साडेसात किलो कार्बन डायऑक्साइड. भाजी आणणार पाच किलो. किलोमागे दीड किलो! ट्रकच्या शंभरपटीपेक्षा जास्त.

भाऊ गप्पच बसला थोडा वेळ. सर मग सुटलेच. 2018 मध्ये 'सायन्स' या संशोधन-पत्रिकेत पूर आणि नेमेसेक या संशोधकांचा मोठा अभ्यास आला, 119 देशांतली 38 हजारांवर शेतं, त्यात अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा निघाला 6 टक्क्यांच्या आसपास. बाकी बहुतेक सगळं जंगलतोड, खतं, गुरांचा आणि भातशेतीतला मिथेन. किती लांबून आलं यापेक्षा कशातून आलं ते बघा म्हणे, बोटीपेक्षा विमानाचं उत्सर्जन टनामागे, किलोमीटरमागे पन्नासेक पट असतं. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत ताजा नॉर्वेचा सामन मासा देतात तो विमानातूनच येतो, त्याच्यावर बोला की, बेळगावच्या कोबीवर कसले घसरता.

इथे आमची धाकटी मधे पडली. सरांचीच जुनी विद्यार्थिनी, आता ॲग्रीकल्चरमध्ये एमएससी करते. "सर, 6 टक्के सगळ्या अन्नाचे मिळून आहेत, भाजीला तो आकडा लावू नका." तिचं म्हणणं असं की 2022 मध्ये 'नेचर फूड'मध्ये जो अभ्यास आला त्यात शेतापर्यंत जाणारं खत, यंत्रं, चारा यांची वाहतूकसुद्धा धरली आणि वाटा 19 टक्क्यांवर गेला. आणि फळं-भाज्यांमध्ये तर पिकवताना जेवढं उत्सर्जन होतं त्याच्या जवळपास दुप्पट वाहतुकीत होतं, कारण माल जड आणि पुष्कळदा थंड ठेवून न्यावा लागतो. सर म्हणाले, आपल्याकडे भाजीचा ट्रक थंड कुठे असतो? ती म्हणाली, म्हणूनच बराच माल सडतो ना सर, तो हिशेब कागदावर कुठाय?

यावर टेम्पोवाला बोलला आणि मला वाटतं कालचं सगळ्यात कामाचं तोच बोलला. तो पहाटे माल उतरवतो. मेथी, पालक, कोथिंबीर रात्री दाबून भरलेली असते, ताडपत्री काढून मधल्या जुड्यांत हात घातला तर आत गरम वाफ लागते, पानं पिवळी पडून चिकटलेली, त्या जुड्या तिथेच बाजूला टाकतात. कांदा-बटाट्याला काही होत नाही, कोबी दोन दिवस ढिम्म राहतो. म्हणजे बघा, पाणी गेलं, खत गेलं, डिझेल गेलं आणि शेवटी ते गेलं कचऱ्यात.

मला सर आणि धाकटी, दोघांच्याही हिशेबात एक गोष्ट सारखी खटकत होती ती मी बोललो, आणि मनापासून बोललो. कार्बन मोजा, जरूर मोजा, पण गोव्यात लोकल घेण्याचं खरं कारण डिझेल नाहीच, खरं कारण आपली जमीन आहे. आपली खाजन शेतं घ्या. खाडीच्या कडेला मातीचा बांध, बांधाला मानस म्हणजे पाण्याचं दार, भरतीच्या पाण्याने दार आपोआप बंद होतं आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर जातं, आणि हे सगळं चालतं ते कोणीतरी शेत करतोय म्हणून. शेत सुटलं की खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोकं कोण बुजवणार? एका पावसात बांध फुटतो, खारं पाणी आत येतं, कोरगुट भात खारेपणा सोसतं पण तेही पेरणारा लागतो ना. चार-पाच वर्षं पडीक राहिलं की "इथे काही पिकत नाही" म्हणून शेतीचा झोन बदलून बांधकामाला द्यायची भाषा सुरू. सांत इस्तेवची भेंडी, आगशीची वांगी, खोलाची मिरची, ही कोणी विकत घेतली तरच ती शेतं उरतील, आणि शेत गेल्यावर पुराचं पाणी कुठे मुरणार हे किलोमागे ग्रॅममध्ये कसं लिहिणार?

आणि सगळंच लोकल पाहिजे असं माझं म्हणणं नाही. तीन हजार मिलिमीटरच्या पावसात इथे टोमॅटो धड होत नाही, फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवरची बरीचशी भाजी बेळगावहूनच येते आणि ती स्वस्त मिळते म्हणून कितीतरी घरं चालतात, त्यांना कोणी पाप लावू नये. कांदा-बटाटा येऊ दे घाटावरून. पण तांबडी भाजी, मुळा, वाल, भेंडी, हळसांडे इथलेच घ्यायचे, ज्या मोसमात होतात त्या मोसमात. मासळीचंही तेच. 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे मासेमारी बंद, तेव्हा जुन्या लोकांचं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी असायची, सुकी मासळी, सोलं, मिरच्या मे महिन्यातच भरून ठेवलेल्या. आता पूर्व किनाऱ्यावरची बंदी 14 जूनला संपली की तिकडची मासळी बर्फात घालून आपल्या ताटात.

"हे सगळं ठीक आहे हो," केरीचे तात्या म्हणाले. ते इतका वेळ नुसते ऐकत होते. "तुम्ही लोकल म्हणता, पण आम्ही का सोडली शेती ते विचारलंत? माकडं, रानडुकरं, आता गवेसुद्धा. उरलं ते बाजारात नेलं की बेळगावच्या भावात मागतात."

मग कोणाला काही बोलताच येईना. शेवटी टेम्पोवाल्याने वाट काढली, मी रोज वाळपईला माल टाकून रिकामाच येतो, वाटेत केरीला वळून तुमची भाजी घेऊन येईन, वेगळी फेरी नको आणि भाऊची कारही नको. तात्या म्हणाले, भाताची कापणी झाली की दोन वाफे जास्त करतो, पण भाव पेरणीआधी ठरवायचा, बाजार पडला तरी तोच द्यायचा, आणि कुंपणासाठी अर्धे पैसे आगाऊ. भाऊ म्हणाला, अर्धे जड जातील तात्या, तिसरा हिस्सा देतो, दहा घरं मी जमवतो. तात्यांनी धाकटीला सांगितलं, "गो, तू लिहून घे हे सगळं, आणि भावाच्या पुढे जागा मोकळी ठेव, तो बियाण्याचा खर्च बघून सांगतो."