मशीन लावल्याशिवाय आजार खरा नाही?

आमच्या सेलूच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय. मामीच्या उजव्या हाताला रात्री मुंग्या येतात, उठून हात झटकावा लागतो. तिथल्या डॉक्टरांनी हात तपासून कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबणं, सांगितलं आणि रात्री मनगटाला बांधायला पट्टा दिला. झालं! मामेभावाचा सवाल, ‘मशीन न लावता कळलं कसं?’ एकाला मानेचा एमआरआय हवाय, दुसऱ्याला संभाजीनगरला नेऊन एनसीव्ही, म्हणजे नसांची मशीनवरची तपासणी. दोनशे रुपयांत निदान केलं, हाच बहुतेक डॉक्टरांचा गुन्हा.

इथे इंग्लंडात लेस्टरला माझ्या ऑफिसातल्या बाईला हेच झालं. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, आधी विचारलं, बधिर नेमकी कोणती बोटं होतात? अंगठा, त्याच्या शेजारची दोन आणि अनामिकेची अर्धी बाजू. मनगटात दबते ती मीडियन नस, आणि तिची हद्द एवढीच. करंगळीकडे जाणारी नस वेगळी. मग मनगटं वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मिनिटभर धरायला लावलं, मुंग्या येतात का ते बघायला. ही फॅलेनची चाचणी. मनगटावर बोटाने टकटक केलं, ती टिनेलची. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा झिजलाय का तेही पाहिलं. दहा मिनिटांत बाई बाहेर.

व्हिडिओ कॉलवर मामीलाही मी मनगटं वाकवायला लावली. फोन मामांच्या हातात, त्यामुळे निम्मा वेळ पंखाच दिसला. पण मिनिट व्हायच्या आत ‘आल्या बघ मुंग्या’ ऐकू आलं.

एनसीव्ही वाईट नाही. बारीक शॉक देऊन मनगटापाशी संदेश किती मंदावतो ते मोजतात. लक्षणं जुळत नसतील किंवा ऑपरेशन करायचं असेल तर तिचा उपयोग होतोच. पण सुरुवातीच्या आजारात ती नॉर्मलही येते. म्हणजे हजारो रुपये मोजून मामीला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ ऐकावं लागणार. मानेच्या एमआरआयचं उलटं. साठीच्या माणसाच्या मानेत झीज सापडतेच, की लगेच गळ्यात पट्टा! अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये हेच म्हटलंय की, लक्षणं आणि हाताची तपासणी मिळून गुण देणारी सहा मुद्द्यांची पद्धत निदानाला चालते, सरसकट मशीन नको.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. त्या बाईचे पुढे ऑपरेशनच्या यादीत महिने गेले, ते मात्र टाकलं नाही. टाकलं असतं तर तिथेच हरलो असतो.

तसाही हरलोच. ‘तुला काय होतंय तिकडून सांगायला! दवाखान्यात आम्हाला जावं लागतंय,’ मामेभावाने लिहिलं. लागलं. रात्री मामी उठते तेव्हा दिवा तोच लावतो. इथून पैसे पाठवले तर मामा परत करतात; मत तेवढं परत करता येत नाही, म्हणून मी ते पाठवत राहतो.

सोमवारी ते संभाजीनगरला जाणारच आहेत. नेताच आहात तर शुगर आणि थायरॉईडही तपासून घ्या, दोन्हींमुळे हा त्रास होऊ शकतो, असं मी लिहिलं. यावर कुणी वाद घातला नाही. उत्तरही दिलं नाही.